दक्षिणेला पाठवलेल्या सुया

चांगुणाताई,

आज दुपारी तुमच्या टेबलाशी बसून मी पाच सुया जुळवून पाहिल्या. पाचही वाया गेल्या. तांब्याची तार शेपटावर बसेना, बसली तर सरकेना, आणि सरकली ती एकदम घसरून फरशीवर पडली. मग मी गुडघे टेकून केसाएवढी तार शोधत बसलो. टेबलावरच्या पोरी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. हसणारच. बीएस्सी फिजिक्स, क्वालिटीचा साहेब, होकायंत्रांच्या कारखान्यात वीस वर्षं घालवलेली, आणि एक सुई आडवी राहत नाही.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. तुम्ही असताना जे बोलायला मला अकरा वर्षं जमलं नाही, ते आता कागदावर बोलतोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि आता ऐकूही येणार नाही, म्हणजे सरांनी बरोबर सोयीची वेळ निवडली, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. तुमचं म्हणणं बहुतेक वेळा खरंच निघायचं.

आनंदनगर एमआयडीसीतल्या आपल्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आलो तो दिवस आठवतो का? दाराशी स्टुलावर एक पितळी वाटी होती. आत जाणारी प्रत्येक बाई बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिना काढून त्या वाटीत टाकत होती. स्टीलचे डबे बाहेरच्या फळीवर. मी तरातरा आत निघालो तर तुम्ही आडव्या आलात. "सर, कडं काढा." मी हातातलं स्टीलचं कडं काढलं. "चाव्या." चाव्या काढल्या. मग तुम्ही माझ्या पोटाकडे बघितलंत आणि म्हणालात, "पट्टा बी. त्याचं बक्कल लोखंडाचं हाय." तुमच्यावर देखरेख करायला मला नेमलं होतं, आणि पहिला दिवस मी एका हाताने पँट सावरत काढला. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, त्या बाईंशी जपून राहा. मला तेव्हा हसू आलं होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, होकायंत्रात काय एवढं? चुंबकाची सुई टोकावर ठेवली की झालं. मलाही तसंच वाटायचं. कॉलेजात मी नुसती गणितं सोडवली होती. तुमच्या टेबलावर कळलं की सुई साधी पोलादाची पट्टी असते तोवर टोकावर छान आडवी राहते, आणि कॉइलमध्ये घालून चुंबक करून आणली की तिचं उत्तरेचं टोक खाली झुकतं. दर वेळी. पृथ्वीचं चुंबकत्व आपल्या बाजूला नुसतं उत्तरेकडे ओढत नाही, ते उत्तरेकडे आणि जमिनीच्या आत असं तिरकं ओढतं. म्हणून मग दक्षिणेच्या शेपटाला बारीक तारेचे वेढे द्यायचे, ते नखाने पुढेमागे सरकवायचे, सुई आडवी झाली की वर लाखेचा थेंब. हे वेढे देणं म्हणजे तुमचं काम. बाकीच्या बायका तीनतीनदा करायच्या. तुम्ही सुई उचलून बोटावर नुसती तोलायचात आणि म्हणायचात, "हिला अडीच." अडीच वेढ्यांतच ती आडवी व्हायची. मी सुरुवातीला तुमच्या प्रत्येक पेटीतली सुई न् सुई तपासली. महिन्याभराने शितावरून भाताची परीक्षा सुरू केली. नंतर तर तुमच्या पेट्यांवर न बघताच सही करायचो.

आणि तुम्ही प्रश्न विचारायचात. मला ते आवडायचे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. उलट, कपाळाला आठी घालून उत्तर द्यायचो, म्हणजे साहेबी राहते.

"सर, ही खाली काय बगते?" एकदा तुम्ही विचारलंत. सुई टोकावर ठेवलेली, नाक खाली करून. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्याच्या मधोमध एक चुंबकाची पट्टी काढली, शाळेच्या पुस्तकात असते तशी. म्हटलं, ही पृथ्वी. हिच्या पोटात लोखंड आहे. इतकं गरम की वितळलेलं. ते मोठं चुंबक आहे आणि ते आपल्या सुईला ओढतं. मला माझं चित्र फार आवडलं होतं.

तुम्ही पुठ्ठा जवळ ओढलात. मग म्हणालात, "वितळलेलं म्हंजे भट्टीतल्यापरीस बी गरम?"

"कितीतरी जास्त."

"मंग त्ये चुंबक कसं ऱ्हाईल? भट्टीवाला लाल पट्टीला चुंबक लावून बगतो. लाल झाली का चिकटत नाय. चिकटायची थांबली का मंगच तो तेलात टाकतो. मी रोज बगते."

ताई, शेजारच्या भट्टीवर हे रोज चालायचं. मीही रोज बघत होतो. लोखंड तापून लाल झालं की त्याचं चुंबकत्व जातं, हे परीक्षेत मी लिहिलंही होतं, मार्कही मिळवले होते. पण भट्टी आणि पृथ्वीचं पोट या दोन गोष्टी माझ्या डोक्यात दोन वेगळ्या वह्यांत होत्या. तुमच्याकडे वह्याच नव्हत्या, त्यामुळे तुम्ही एका दमात दोन्ही जोडल्यात. मला उत्तर येत नव्हतं. "येत नाही" असं म्हणायचं सोडून मी काय म्हणालो? म्हणालो, "ते फार खोलचं आहे ताई, तुम्हाला नाही कळणार."

तुम्ही हसलात. "खोलचं हाय म्हनूनच तर इचारते," असं म्हणून पुढची सुई उचललीत. माझे कान तापले होते. तुम्ही ते बघितलं असणार, पण वाढवलं नाहीत.

सगळंच असं नव्हतं. चांगलेही दिवस होते आणि ते आठवले की जास्त त्रास होतो. दुपारच्या सुट्टीत आपण शेडच्या मागच्या पायऱ्यांवर बसायचो, तुमच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी माझ्या पोळीभाजीपेक्षा कधीही सरस. तुम्ही सांगायचात की तुमच्या पाड्यावरून, बारवीच्या रस्त्यावरून, मलंगगड दिसतो, आणि थंडीत सूर्य त्याच्या मागे बुडतो. मग रोज थोडाथोडा उजवीकडे सरकतो, आणि भातरोपांसाठी आवण टाकायची वेळ येते तेव्हा गडापासून पार लांब, एका एकट्या ताडाच्या मागे जातो. तो ताडाला टेकला की तुमचे सासरे भाताचं बी काढायचे. मी तुम्हाला ऐटीत सांगितलं की सूर्य कुठे सरकत नाही, पृथ्वी कलती आहे आणि कलत्या अंगानेच सूर्याभोवती फिरते, म्हणून आपल्याला तसं दिसतं. तुम्ही भाकरीचा तुकडा हातात धरून विचार केलात.

"म्हंजे त्यो जागेवरच. आपूनच वाकडं फिरतो."

"हो."

"तरीच," तुम्ही म्हणालात. "वाटलंच मला, येवढ्या मोठ्या सूर्याला ताडाची काय गरज?"

त्या दिवशी मी मनापासून हसलो होतो. मला वाटलं होतं की मी तुम्हाला काहीतरी शिकवलं. आता वाटतं, वर्षभर सूर्य कुठे बुडतो हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं. बेलवलीत माझ्या खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची गच्ची आहे.

आता त्या मालाबद्दल बोलतो. टाळत होतो, पण तुम्हाला माझी टाळाटाळ चांगली ठाऊक आहे.

तोवर आपला माल देशात जायचा आणि थोडा आखातात. एकदा काश्मीरकडच्या कुणा शाळेने कळवलं होतं की सुई जरा नाक खाली घालते, पण चालते. मी ते पत्र फाइलला लावून विसरून गेलो. तेव्हाच डोकं चालवलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मग शेठनी आफ्रिकेच्या पार दक्षिणेकडच्या एका देशातली ऑर्डर आणली. शाळांसाठी होकायंत्रं. शेठ उल्हासनगरहून मिठाईचा डबा घेऊन आले आणि सगळ्यांना एक एक पेढा देत फिरले. "साईं, एक्स्पोर्ट है, जरा अच्छा करना," असं ते मला तीनदा म्हणाले. आणि मी तुम्हाला.

तुम्ही पेढा पदराला बांधून ठेवलात, लेकीसाठी, मंदासाठी. आणि काम सुरू करण्याआधी विचारलंत, "सर, हा माल कुठं चालला?"

"लांब. पृथ्वीच्या खालच्या बाजूला म्हणा."

"तिथं बी ही अशीच वाकते?"

मला घाई होती. पॅकिंगची खोकी यायची होती, शेठचा दोनदा फोन येऊन गेला होता. आणि खरं सांगायचं तर मागच्या प्रश्नाचा सल गेला नव्हता. मी म्हणालो, "ताई, पृथ्वी एकच आहे. सगळीकडे सारखीच वाकते. तुम्ही तुमचं काम करा."

तुम्ही मान हलवलीत. सर म्हणतात म्हणजे तसंच असणार. तुम्ही प्रत्येक सुईच्या दक्षिणेच्या शेपटाला वेढे दिलेत, एकेक सुई पाण्याच्या पातळीसारखी आडवी केलीत. मी तुमच्यामागे उभा राहून पाहिलं होतं. तसं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

माल परत आला. त्या देशात पृथ्वीचं चुंबकत्व उलट तिरकं आहे, तिथे सुईचं दक्षिणेचं टोक जमिनीकडे झुकतं. आधीच झुकणाऱ्या शेपटाला आपण वर तारेचं वजन बांधून पाठवलं होतं. सुयांची शेपटं तबकडीला टेकली आणि जागची हलेनात. सगळा माल बाद.

शेठ शेडमध्ये आले तेव्हा तुम्ही टेबलाशी होतात, मी दाराजवळ. त्यांनी खोकं उपडं केलं. "ये क्या है? सुई तो मरेली है! बॅलन्स कोणी केला?"

साधा प्रश्न होता. उत्तर दोन प्रकारचं होतं. एक, "मी सांगितलं तसा केला." दुसरं नुसतं एका माणसाचं नाव. मला त्या क्षणी कारण माहीत नव्हतं, एवढं माझ्या बाजूने बोलतो. पण तुम्ही मला विचारलं होतं आणि मी न बघता उत्तर दिलं होतं, हे तर माहीत होतंच ना? मी म्हणालो, "बॅलन्सिंग चांगुणाताईंकडे होतं." एवढंच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. खापर तुमच्या डोक्यावर फुटलं आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

शेठ तुम्हाला काढायलाच निघाले होते. मी मध्ये पडलो, म्हटलं, जुन्या आहेत, पॅकिंगला घ्या. त्या वेळी मला स्वतःचा अभिमानही वाटला, असली माझी अक्कल. तुम्ही हात पुसलेत, तारेचं रीळ माझ्या हातात दिलंत आणि भिंतीकडच्या पॅकिंगच्या टेबलावर जाऊन उभ्या राहिलात. तिथे बसायला स्टूल नव्हतं.

चौथ्या दिवशी मला कारण सापडलं. कॉलेजचं जुनं पुस्तक काढलं आणि दुसऱ्याच पानावर होतं. कन्याकुमारीच्या आसपास सुई आपोआप आडवी राहते, तिच्या खाली गेलं की उलट झुकायला लागते. एवढं सोपं. मी कारखान्यात आलो आणि थेट शेठच्या केबिनमध्ये गेलो. तुमच्याकडे यायला हवं होतं, ते सुचलं नाही असं नाही, पण पाय तिकडे वळले नाहीत. शेठना मी काय सांगितलं, ऐका. म्हणालो, "पुढच्या वेळी दक्षिणेच्या मालाला तार उत्तरेच्या टोकाला बांधू या, मी अभ्यास केलाय." शेठ खूश झाले. "देखो, पढ़ा-लिखा आदमी," असं सगळ्यांसमोर म्हणाले. आधीची चूक कुणाची, हा विषय त्या कौतुकात बुडून गेला. मी तो वर काढला नाही.

आणि मग तो लाल ठिपका. दक्षिणेच्या मालाच्या खोक्यावर लाल ठिपका लावायचा, असा नियम मीच केला. खोकी तुमच्याकडे यायची, म्हणजे ठिपका तुम्हीच लावायच्यात. मी वाट बघत होतो की तुम्ही विचाराल, "सर, हा ठिपका कशाला?" तुम्ही नाही विचारलंत. एकदाही नाही. ज्या बाईने मला पृथ्वीच्या पोटाबद्दल विचारलं, तिने समोरच्या ठिपक्याबद्दल विचारू नये? चोराच्या मनात चांदणं. मी ठरवून टाकलं की तुम्हाला सगळं कळलंय आणि तुम्ही मला गप्प राहून शिक्षा करताय. मग मी तुमच्या टेबलाकडून जायचं सोडलं. पाणी प्यायला लांबच्या नळावर जायला लागलो. पायऱ्यांवर जेवायला येणं बंद केलं. तुम्ही दोनचार दिवस माझ्यासाठी अर्धी भाकरी बाजूला ठेवलीत, हे मला एका पोरीने सांगितलं, तरी मी आलो नाही.

पाच वर्षं तुम्ही पॅकिंगला उभ्या राहून काढलीत. मग गुडघे दुखायला लागले आणि तुम्ही काम सोडलंत. जायच्या दिवशी माझ्या केबिनच्या दारात येऊन म्हणालात, "सर, येते मी." मी फोनवर होतो. हात वर केला. फोन काही महत्त्वाचा नव्हता.

त्यानंतर एकदा तुमचं ते खोलचं उत्तर मला सापडलं, ताई. मुलीला अभ्यासात मदत करताना. तुमचं बरोबर होतं, पृथ्वीच्या पोटात पट्टीसारखं चुंबक नाहीच, इतक्या उष्णतेत ते टिकणारच नाही. अगदी मधोमध दाबामुळे घट्ट झालेला लोखंडाचा गोळा आहे आणि त्याच्याभोवती वितळलेलं लोखंड. ते स्वस्थ नसतं. गरम होऊन वर येतं, निवून खाली जातं, आणि पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून त्या वरखाली होण्याला पीळ पडतो. अशा फिरत्या धातूतून वीज वाहते, आणि वीज वाहिली की चुंबकत्व आलंच. आपण नाही का कॉइलमध्ये वीज सोडून सुईला चुंबक करायचो? तुमच्या शेजारच्याच टेबलावर. मला तेवढं बोट दाखवायचं होतं. आणि ते लोखंड सारखं ढवळत असतं म्हणून सुईची उत्तरही एका जागी राहत नाही, वर्षावर्षाने सरकते. तुम्ही यावर काय म्हणाला असतात? "म्हंजे उत्तर बी वाकडी फिरते" असलंच काहीतरी. मला ते ऐकायचं होतं. बेलवलीहून तुमचा पाडा बाईकने अर्धा तास. दर रविवारी ठरवायचो. दर रविवारी काहीतरी निघायचं. निघत नव्हतं, मी काढत होतो. कारण हे उत्तर द्यायला आलो असतो तर दुसरं उत्तरही द्यावं लागलं असतं.

तुम्ही गेल्याचं पॅकिंगमधल्या, तुमच्या पाड्यावरच्या मुलीने सांगितलं. मी बाराव्याला आलो. अंगणात मांडव होता, पंगत बसली होती. तुमची मंदा आता कुळगावात असते, शिवणकाम करते. तिने मला ओळखलं.

"तुम्ही कंपनीतले सर ना? आई सारखं तुमचं नाव काढायची."

मी विचारलं, "काय म्हणायची?"

"हेच, की सर लय भारी माणूस. तिच्या हातनं एवढा माल खराब झाला, शेठ काढतच होता, पण सरांनी वाचवलं म्हणायची."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं, मला आठवत नाहीये. म्हणून ती सांगत गेली. "तेव्हापासून तिचा हात गेला ना. आधी सगळा पाडा काटा काढायला तिच्याकडे यायचा. जंगलात पायात करवंदीचा काटा मोडला, नखात कुसळ गेलं, की चांगुणाकडे जा. लहान पोरं रडायची पण नाही, इतकं हलकं काढायची. त्या मालानंतर बंद. कोणी आलं तर हात मागे घ्यायची. म्हणायची, माझ्या हाताचा भरवसा नाय राहिला, कुणाला लागलं तर? माझ्या पोरीला एकदा काटा लागला तर बोलली, दवाखान्यात ने. मी किती भांडली तिच्याशी."

ताई, तुम्हाला कळलेलं नव्हतंच. अकरा वर्षं मी ज्या शांततेला घाबरलो, ती शिक्षा नव्हती. तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. पृथ्वी सगळीकडे सारखी, सर म्हणाले; मग चुकला असेल तो आपला हातच. तुमचा हिशेब बरोबर होता, त्यात मी घातलेली एक गोष्ट खोटी होती. ठिपक्याबद्दल विचारलं नाहीत, कारण विचारायचा धीरच मी काढून घेतला होता. तुम्ही माझ्यावर रागावला असतात तर किती बरं झालं असतं.

मी मंदाला सांगितलं, सगळं, तिथेच, पाण्याच्या पिंपाजवळ उभं राहून. ती ऐकत होती. हातातली वाढायची पळी तशीच धरून.

"म्हणजे तिची चुकी नव्हती."

"नाही."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. मांडवाकडे मान करून म्हणाली, "मला काय सांगताय? त्यांना सांगा. त्यांना सगळ्यांना वाटतं, आईचा हात गेला होता."

मी पंगतीसमोर जाऊन उभा राहिलो. आयुष्यभराची खोड, सुरुवात पृथ्वीपासूनच केली. उत्तर गोलार्ध, दक्षिण गोलार्ध, चुंबकत्वाचा तिरकेपणा. लोक हातातला घास धरून माझ्याकडे बघायला लागले. शेवटी पहिल्या पानावर बसलेल्या म्हाताऱ्याने हात वर केला. "सायेब, त्ये पृथ्वीचं ऱ्हाऊ द्या. आमच्या चांगुणीचा हात चुकला व्हता का नाय, येवढं सांगा."

"नाही चुकला," मी म्हणालो. "तिने मला विचारलं होतं. मी चुकीचं सांगितलं. चूक माझी होती, आणि मी तेव्हा बोललो नाही."

मग बायकांच्या पंगतीतून एक म्हातारी, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मंग येवढी वरसं तो हात उगाच बसून ऱ्हायला."

मंदाने मला पान वाढलं. मला वाटलं होतं, नाही वाढणार. मी खाली मान घालून जेवलो, तिने दुसऱ्यांदा भात आणला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. निघताना ती दारापर्यंत आली, पण "परत या" म्हणाली नाही.

तुमचा हात कधीच चुकला नव्हता, ताई. सगळ्या पाड्याला आता हे माहीत आहे. तुम्हालाच तेवढं माहीत नाही.